नव्या हरकाचा पहिला घास

भादवा निम्मा सरला की पाऊस हात आखडता घेतो आणि खाचरांवर पिवळं ऊन पडतं. भात कमरेला आलेलं असतं, बांधावर गवत माजलेलं असतं, उतारावर नाचणीचे पट्टे वाऱ्याने हलत असतात. परवा नातवाने मला हौसेने एसटीत घालून भोरहून वेल्ह्यापर्यंत नेलं. "आजी, बघ तरी, किती हिरवंगार आहे," म्हणाला. पुढच्या बाकावर पुण्याची चार पोरं होती, तोरण्यावर निघालेली. त्यांनीही खिडकीतून माना काढल्या. मी बघितलं. हिरवंगार होतं खरं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि मी पिशवीतली चपाती काढून सगळ्यांच्या देखत खायला लागले. नातू म्हणाला, आत्ताच तर जेवून निघालो. मी म्हटलं, तू बाहेर बघ.

शहरातल्या माणसाला हिरवं म्हणजे सुबत्ता वाटते. आमच्या मावळात सगळ्यात हिरवे जे दोन महिने, तेच सगळ्यात उपाशी. गेल्या सालचं धान्य आषाढात लावणीच्या माणसांना घालून संपायचं आणि नवं दिवाळीच्या तोंडावर घरात यायचं. मधल्या दिवसांत शेत भरलेलं आणि घर रिकामं. दारात उभं राहिलं की चहूकडे अन्नच अन्न दिसे, पण ते अजून दुधात असे; दाणा दाबला की नखावर पांढरं पाणी येई. असे कितीतरी दाणे मी बांधावर बसून दाबले आणि चाटले आहेत. आत्याबाईंनी एकदा बघितलं तेव्हा त्यांनी माझ्या हातावर चापट मारली होती.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी भोरची. वडील कचेरीत शिपाई होते, जागा भाड्याची होती, पण दोन वेळा ताट वाढलेलं असायचं. चौथी पास झाले आणि पुढे सतराव्या वर्षी तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत लग्न होऊन आले. युद्धाचे दिवस होते. आमचे हे मुंबईला गोदीत होते. लावणीला आठ दिवस आले, चिखलात राबले आणि परत गेले. मागे घरात आम्ही तिघीच. आत्याबाई, माझी नणंद ठकू आणि मी. ठकू सहा वर्षांची होती. आत्याबाई चाळिशीच्या आतबाहेर असतील, म्हणजे आज माझी सून आहे त्या वयाच्या. मला तेव्हा त्या म्हाताऱ्या वाटायच्या. कपाळावर गोंदण, कमरेला विळा, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने आपणच काहीतरी चुकलो असं समजून गप्प बसावं.

मी आले त्याच्या आदल्या साली ऐन कापणीत पाऊस झाला होता आणि भाताच्या लोंब्यांना खाचरातच कोंब आले होते. उरलं त्यातलं काही जमीनमालकाच्या खंडात गेलं, काही सरकारने सक्तीने घेतलेल्या लेव्हीत गेलं. वेल्ह्याला धान्याचं दुकान होतं. इरलं डोक्यावर घेऊन पहाटे निघायचं, तिथं ओळीत बसायचं. कधी किडकी ज्वारी मिळे, बहुतेक वेळा माल आलेला नसे. मग बायका तशाच उठत, पदर झटकत आणि परतीच्या वाटेला लागत. मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी मला रडू आलं. आत्याबाई म्हणाल्या की रडलीस तर घसा सुकेल आणि वाटेत पाणी प्यायला थांबावं लागेल. दुसऱ्या खेपेपासून मी रडले नाही.

भुकेबद्दल लोक फार ऐकीव बोलतात. पोटात आग पडते म्हणतात. ती पहिले चार-पाच दिवस पडते. मग विझते, आणि नाक-कान उघडतात. तिसऱ्या घरात कुणी भाकरी थापत असलं तर मला ऐकू येई, आणि थापटीवरून ती नाचणीची की तांदळाची हे मी घरात बसून सांगितलं असतं. अंगाला भर उन्हात गारठा सुटे. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येई. आणि हात कापत. घागर उतरवताना कापत, निरांजन लावताना कापत, पोरांच्या वेण्या घालताना कापत. त्या दोन महिन्यांत वाडीतल्या कुणाही बाईचा हात स्थिर असल्याचं मला आठवत नाही.

भूक माणसाला चोर करते असं सगळे म्हणतात. मी चोरी केली नाही, चोरायला काही नव्हतंच. मला भुकेने वेगळंच काहीतरी केलं. ठकू जेवायला बसली की मी तिचे घास मोजायची. ती सहा वर्षांची, पाय काडीसारखे, पोट फुगलेलं, आणि मी सतरा वर्षांची बाई चुलीआडून बघत असे की हिचे अकरा झाले, आता भांड्यात माझे किती उरले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही. आता ते नाहीत आणि मला लाज वाटून घ्यायलाही फार दिवस उरलेले नाहीत, म्हणून लिहिते आहे.

पाला मात्र मुबलक होता. कुरडू, टाकळा, भारंगी, ओढ्याकडेचं तेरं. खुडायला गेलं की तासाभरात पाटी भरे. नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडून खायचा. तेल श्रावणातच संपलं होतं; देवाच्या दिव्यापुरतं एका बुधलीत होतं, त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. पाल्याने पोट भरल्यासारखं होतं आणि घटकाभरात पुन्हा रिकामं होतं, वर ढाळ लागतात ते वेगळंच. आत्याबाईंचे उपास तेव्हा वाढत चालले होते. आधी सोमवार, मग शनिवार, मग चतुर्थी, एकादशी, कुठल्याशा देवीचा मंगळवार. मी मनात म्हणायची, बाई फारच देवभोळ्या आहेत. चार इयत्ता शिकून मला एवढंही उमजत नव्हतं की या बाईचा वाटा रोज ठकूच्या ताटात जातो आहे.

ठकूला माझ्या माहेराचं फार वेड होतं. दुपारी पाऊस असला की ती माझ्या मांडीवर डोकं ठेवायची आणि भोरच्या बाजाराचं विचारायची. जिलबी कशी असते, ती वाकडी का असते, आत रस कुठून शिरतो. मी सांगायची. मला स्वतःला जिलबी मोजून चारदा मिळाली असेल, पण मी अशी सांगायची की आमच्या घरी कढई कधी उतरतच नव्हती. तूप ओघळतंय, पाकाचं बोट चाटलं की बोटाला बोट चिकटतंय. सांगताना माझ्या जबड्यात दुखायला लागे आणि ठकूची हनुवटी नुसती हलत राही, जणू ती चावतेच आहे. एकदा आत्याबाई बाहेरून आल्या आणि दारातच थबकल्या. "खान्याचं बोलू नगा गं," त्या म्हणाल्या, "झोपल्याली भूक उठती." त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना ते ऐकवत नव्हतं. त्यानंतर आम्ही दोघी कुजबुजत बोलायचो.

पुढे मी एक बघितलं. रांजणाच्या मागे ओल धरलेली भिंत होती, तिथली माती कुणीतरी कोरली होती. छोट्या बोटांच्या खुणा होत्या. मी ठकूचं तोंड उघडून बघितलं, जिभेवर गाळ होता. मी आत्याबाईंना सांगितलं नाही, शेणाने ती जागा लिंपून टाकली. दुसऱ्या दिवशी शेणासकट पुन्हा कोरलेली होती.

आता हरीक कुणी पेरत नाही. माझ्या नातवाला तर हा शब्दच माहीत नाही. उतारावरच्या खडकाळ जमिनीत, जिथे नाचणीही तग धरत नाही, तिथे हरीक यायचा. गरिबाचं धान्य. कांडायला इतकं चिवट की सालावर साल निघतच राहते, पण एकदा कांडला की भातासारखा शिजतो आणि पोटात बराच वेळ टिकतो. त्याची एक खोड होती. जुना हरीक गुणी, नवा हरीक चढतो. शेणाच्या पाण्यात तीन दिवस भिजवायचा, कडक उन्हात वाळवायचा आणि वर्ष दोन वर्षं कणगीत ठेवून मग खायचा. तसाच खाल्ला तर दारू प्यायल्यासारखी गुंगी येते, हातपाय कापतात, घाम फुटतो, ओकाऱ्या होतात. धट्टाकट्टा माणूस दोन दिवस लोळून उठतो. अशक्त माणसाचं सांगता येत नाही. आणि कणसात असतानाच पावसात भिजलेला हरीक सगळ्यात वाईट, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगे.

त्या साली आमच्याकडे जुना हरीक उरला नव्हता. वरी डुकरांनी लोळवली होती. नाचणीला अजून तीन आठवडे होते. दसऱ्याला पाऊस पडला, आणि उतारावरचा हरकाचा एक लहान पट्टा, जो आधी तयार झाला होता, तो कणसात भिजला. दसऱ्यानंतर चार दिवस आम्ही नुसत्या पाल्यावर काढले. पहिले दोन दिवस ठकू रडली. तिसऱ्या दिवशी रडायची थांबली. चौथ्या दिवशी मी तिला पाणी प्यायला उठवलं तर ती म्हणाली, हितंच दे. आत्याबाईंनी ते ऐकलं. त्यांनी कमरेचा विळा चाचपला आणि उताराच्या दिशेने चालू लागल्या. मी मागोमाग पाटी घेऊन गेले. पट्टा कापेपर्यंत त्या एकदाही माझ्याकडे वळल्या नाहीत.

तीन दिवस भिजवायचा तो एकच रात्र भिजवला. ऊन धड नव्हतं, म्हणून निम्मा अंगणात वाळवला आणि निम्मा तव्यावर भाजून काढला. कांडायला मी बसले. मुसळ उचलायचं म्हणजे मला चार घावांनंतर टेकावं लागे, पण मी इतक्या आनंदाने आयुष्यात दुसरं कुठलं काम केलेलं नाही. कोंड्याची धूळ नाकात जात होती आणि तिलाही अन्नाचा वास येत होता. सकाळी तो चुलीवर चढला. पाणी आटू लागलं, झाकणाखालून वाफ आली, आणि दोन दिवस न उठलेली ठकू कुशीवर वळली. तिने तोंड चुलीकडे केलं आणि तशीच पडून राहिली.

पण लगेच खायचं नव्हतं. रीत होती. नवा हरीक घरातल्या मोठ्या बाईने आधी खायचा, वाटीभर. मग ऊन ओट्यावरून खाली अंगणात उतरेपर्यंत ओट्यावर बसून हाताने बारीक काम करत राहायचं. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी समोर बसून तिच्यावर नजर ठेवायची. चढलेल्या माणसाला आपल्याला चढलंय हे कळत नाही, म्हणून बघणारं माणूस वेगळं लागे. शब्द त्याचा. त्याने 'चढला' म्हटलं की सगळं भांडं उकिरड्यावर पालथं करायचं, गुरांनाही घालायचं नाही. पुरुष शेतावरून आलेले असोत, पोरं रडत असोत, बघणाऱ्याच्या शब्दापुढे कुणी जात नसे. एरवी ज्या सुनेला घरात शेवटचा घास, तिच्या शब्दाला एवढा मान वर्षातून हा एकच दिवस होता.

आत्याबाई खांबाला टेकून बसल्या. त्यांनी वाटीतला हरीक हळूहळू खाल्ला. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला, की आपली सासू आपल्यासाठी विष चाखते आहे हे माझ्या डोक्यात येईचना. ही आधी जेवते आहे, एवढंच दिसत होतं. वाटी रिकामी झाली तशी त्यांनी ती बोटाने निपटली, आणि कापसाची पुरचुंडी घेऊन वाती वळायला बसल्या. पुढे कार्तिक होता, दिव्यांना वाती लागणारच होत्या. नडगीवर कापूस धरून, तळव्याने एक फेर दिला की वात तयार. त्यांचा हात या कामात बसलेला होता. मी समोर बसले. ऊन ओट्याच्या आतल्या कडेला होतं.

पहिल्या आठ-दहा वाती सरळ झाल्या. मी त्या एकीवर एक रचत होते. मागे आत भांड्यावरचं झाकण निवत चाललं होतं, टक्टक् आवाज येत होता. मग एक वात मध्येच जाड झाली. त्यांनी ती ठेवून दिली. पुढची टोकाला सुटली. पुढची दोन ठिकाणी तुटली. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि तळवा पुन्हा नडगीवर टेकवला, तेव्हा त्यांची बोटं नडगीवर नुसती थरथरत होती, पुढे सरकत नव्हती. ऊन अजून निम्म्या ओट्यावर होतं. मी ते सगळं बघितलं. आज इतक्या वर्षांनी मला तो ओटा, त्यावरची उन्हाची रेघ, तुटलेल्या वातीतून निघालेले कापसाचे दोन धागे असं सगळं स्वच्छ दिसतं.

आणि मी स्वतःशी वाद घालायला लागले. हात तर सगळ्यांचेच कापतात. आत्याबाईंचा कालही कापत होता, परवाही. इतक्या दिवसांच्या उपाशी बाईचा हात वाती वळताना कापणारच. ओठ सुकले ते उन्हाने. घाम आला आहे, पण दाराशी ऊन आहे ना. हरकाचं हे नव्हे, भुकेचं आहे. कचेरीतला वकील मांडणार नाही इतकं व्यवस्थित मी ते मांडलं. या रिवाजात खोट होती ती हीच, आणि ती त्या दिवशी मला सापडली: भरल्या पोटी जी परीक्षा बरोबर येते, ती उपाशी माणसाकडून करून घेता येत नाही. रीत घालणाऱ्यांनी इतकं वाईट साल पाहिलं नसावं.

मी हात पुढे केला आणि त्या तीन बिघडलेल्या वाती उचलून चोळीत सारल्या. आत्याबाईंनी मान वर केली.

"बघ गं नीट," त्या म्हणाल्या. "काय दिसतंय का?"

"काय न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. "वाढू?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान डोलावली.

पुढे कित्येकांनी मला सांगितलं असतं की तू पोरीसाठी खोटं बोललीस. पोर उपाशी मरत होती, तुला दुसरा मार्ग नव्हता. कुणी सांगितलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. पण मीच स्वतःला हे हजार वेळा सांगून पाहिलं आहे आणि ते टिकत नाही. 'वाढू' म्हणताना माझ्या मनात ठकू नव्हती. भांडं होतं. त्या भांड्याच्या तळाशी लागलेली खरवड होती, जी सुनेच्या वाट्याला येते. माझ्या पोटाने माझी जीभ उचलली आणि हवा तो शब्द बोलून घेतला. पुढे मी शिकले, मास्तरीण झाले, तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं. वर्गात ते वाक्य सांगताना मी नेहमी फळ्याकडे तोंड करायची.

ठकूला मी भिंतीला टेकवून बसवलं आणि भरवलं. पहिले घास तिला गिळवत नव्हते. मग गिळवले. मग तिने वाटी स्वतःच्या हातात घेतली आणि तळ दिसल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "आनिक हाय?" मी दिला. त्या दिवशी मी तिचे घास मोजले नाहीत. ती पोटावर हात ठेवून पडली आणि झोपली. आत्याबाई खांबाशीच डोळे मिटून बसल्या होत्या. मी खरवड खाल्ली, भांडं पाण्याने विसळून तेही प्याले, आणि मला इतकं बरं वाटलं की जमीन जराशी एका बाजूला कलली आहे हे ध्यानात यायला वेळ लागला. कललेल्या जमिनीवर मी बसून हसत होते.

शेजारची गंगूबाई विस्तव मागायला आली नसती तर आम्ही तिघीही राहिलो नसतो. तिने दारातूनच ओळखलं. चिंच कोळून तिने आमच्या नरड्यात ओतली. मी ओकले. आत्याबाई ओकल्या. ठकूची दातखीळ बसली होती. गंगूबाईने चमच्याने दात उचकटायचा प्रयत्न केला, पाणी गालावरून ओघळून गेलं. अंग गार पडत होतं आणि घामाने भिजत होतं. चार माणसं धावली, कुणी म्हणालं वेल्ह्याला न्या, कुणी म्हणालं वाटेत ओढा भरलाय. हे बोलणं चालू असतानाच ती गेली. दिवेलागण होत होती आणि गुरं गोठ्यात परतत होती.

वाडीत कुणी कुणाला दोष दिला नाही. भिजला हरीक, वाईट साल, लेकरू मुळातच खंगलेलं. बघायला कोण बसलं होतं हेही कुणी विचारलं नाही, कारण बघणारं माणूस खोटं बोलेल असं त्या वाडीत कुणाच्या मनात येण्यासारखं नव्हतं. मुंबईला पत्र मीच लिहिलं. वाडीत लिहिणारी मीच होते. 'ठकूच्या अंगात ताप भरला व ती देवाघरी गेली' असं लिहिलं. ह्यांनी ते पत्र पुष्कळ वर्षं ट्रंकेत ठेवलं होतं. मला ते हाताला लागायचं आणि मी पुन्हा घडी करून ठेवायची.

सकाळी ओढा उतरल्यावर तिला पलीकडे पुरलं. लहान पोरांना जाळत नाहीत. कुणा बाप्याने वर दगड रचले, कोल्हं उकरू नये म्हणून. आम्ही घरी आलो, अंघोळी केल्या, आणि सारवलेल्या जमिनीवर भिंतीकडे तोंड करून बसलो. ज्या घरातून माणूस गेलं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी जेवण आणायचं असतं. संध्याकाळच्या आत एकेक बाई येऊ लागली. गंगूबाईने नाचणीची भाकरी आणली. दुसरीने अर्धी आणली, पदराखाली झाकून, कारण अर्धीची तिला लाज वाटत होती. एकीने मूठभर कुळथाचं पिठलं आणलं. एकीने तांदळाची भाकरी आणली. ते तांदूळ तिने कुठून पैदा केले होते देव जाणे. या सगळ्या बायका दोन महिने माझ्यासारख्याच पाला खात होत्या. त्यांची पोरं दारात त्यांची वाट बघत असणार. त्या भाकरी ठेवत, आत्याबाईंच्या पाठीवरून हात फिरवत आणि निघून जात.

आत्याबाई तशाच बसून होत्या. मीही बसून होते. रडून डोळे सुजले होते, आणि ते रडणं खरं होतं, खोटं नव्हतं. भाकरीचा वास खोलीभर पसरला होता. मी ठरवलं होतं की आज अन्नाला शिवायचं नाही, आज नाही, निदान आज नाही. आणि माझा हात पुढे गेला. मी तांदळाची भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि तोंडात घातली. दुसरा घास पहिला गिळायच्या आधीच हातात होता. मी जेवत होते आणि रडत होते आणि जेवायची थांबत नव्हते.

आत्याबाई बघत होत्या. मला वाटलं आता त्या मला लाथ मारतील, आणि मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

"माजा हात कापत हुता," त्या म्हणाल्या. "भुकंनं कापतो तसा न्हाई, येगळा. मला कळत हुतं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तू 'काय न्हाई' म्हनशील हे ठावं हुतं, म्हून तुला इचारलं."

माझ्या तोंडात घास होता.

त्या सरकून जवळ आल्या. त्यांनी भाकऱ्या एकत्र केल्या, पिठल्याचं भांडं मध्ये ओढलं आणि त्या वाटे करायला लागल्या. वाटे दोनच करायचे होते. त्या दोन महिन्यांत आम्ही दोघी पहिल्यांदा पोटभर जेवलो.